हॉलमधला बोरघाट

पुणे,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

लेगोच्या आगगाडीचं ऐकून तू फोनवर हसलास ते हसलासच, पण हसून झाल्यावर "चढ किती ठेवलायस?" असं विचारलंस. आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. येणारा-जाणारा आधी किंमत विचारतो, मग माझं वय मनात मोजतो. तुला पुरतं उत्तर द्यायच्या आत तुझ्या नातवानं फोन पळवला, म्हणून हे पत्र.

चढ आहे चाळीसाला एक, म्हणजे चाळीस पुढे गेल्यावर एक वर. आणि हा आकडा मी ठरवलेला नाही. लेगोचा सरळ रूळ १२८ मिलिमीटर लांब असतो आणि त्यांची सगळ्यात पातळ चकती, जिला प्लेट म्हणतात, ती ३.२ मिलिमीटर जाड. दर रुळामागे आधाराची उंची एका प्लेटनं वाढवत गेलास की झाला चाळीसाला एक. आता कर्जत-लोणावळा आठव. सदतीसाला एक! डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात कुणीतरी मुलांच्या खेळण्याची मापं ठरवली आणि ती आपल्या घाटाच्या इतकी जवळ येऊन बसली. हा हिशेब कागदावर उतरला त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात कुणाला सांगणार? तुझी वहिनी म्हणाली, "बरं मग?"

तूही "बरं मग" म्हणायच्या आत पुढचं वाच. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतले लोक त्यावर त्यांच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजच्या गाड्या बसवतात आणि मग नेहमीचे डबे रुळांच्या मानानं अरुंद दिसतात म्हणून कुरकुरतात. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. भागाकार करून बघ, पंचेचाळिसास एक येतं. म्हणजे आपली गाडी त्या रुळांवर त्यांच्या गाडीपेक्षा चांगली शोभते. या मापात खरा घाट बांधायचा तर? सुमारे पंचवीस किलोमीटरचा घाट साडेपाचशे मीटर लांब होईल आणि ५५८ मीटरची चढण साडेबारा मीटरची. आमच्या सोसायटीच्या फाटकातून निघून, दोन गल्ल्या फिरून गाडी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत यायला हवी. सेक्रेटरींना अजून विचारलेलं नाही.

तेव्हा हॉलमध्ये जेवढा मावेल तेवढाच तुकडा. आणि तिथेच खरी मजा सुरू झाली. मला एक रूळ दुसऱ्या रुळावरून पुलानं न्यायचा होता. खालून गाडी जायची तर रूळ, गाडी, पुलाची जाडी असं धरून बारा विटांची उंची लागते. एक वीट म्हणजे तीन प्लेट, बारा विटा म्हणजे छत्तीस प्लेट, म्हणजे छत्तीस रूळ. साडेचार मीटरहून जास्त नुसता चढ. त्यात वळणं धरलेली नाहीत, आणि चढावरचं वळण गाडीला किती जड जातं ते तुला सांगायला नको. सोफा बाहेर काढला तरी हॉल पुरेना.

मग आठवलं खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन. जीआयपी रेल्वेच्या बर्कलेसाहेबापुढे हीच अडचण होती, फक्त त्याच्या हॉलला भिंतींऐवजी कडे होते. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा गाडी डोंगराच्या एका कडेनं चढून सपाटीवर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ चढायची. मीही तेच केलं. अठरा रुळांचा एक चढ खिडकीच्या भिंतीलगत, मग गाडी पुरती मावेल एवढी सपाटी, तिथे गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा, आणि परत फिरून उरलेले अठरा. सोफा जागेवर राहिला. (जाता जाता: त्या घाटाचा ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ठेका त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, पुढे चालवला. आपल्या शाळेत हे कुणी शिकवलं नाही. आपण नुसते बोगदे मोजत बसायचो.)

चढाच्या तोंडाशी मात्र एकदम रुळामागे प्लेट देऊन चालत नाही. सपाटीवरून चढावर येताना लांब डब्याची मधली चाकं उचलली जातात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन रुळांमागे एक प्लेट. वळणाचं दुखणं त्याहून मोठं. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ३२० मिलिमीटर, सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. आपल्या मापात ते चौदा-साडेचौदा मीटर झालं. खऱ्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा आवळ वळण चालत नाही. ते हुबेहूब करायचं तर आठेक मीटर रुंदीची खोली हवी. बाहेरचे काही लहान उत्पादक मोठ्या त्रिज्येची वळणं बनवतात, त्यांतली थोडी मी मागवली. कस्टमनं त्यावर काय लावलं ते तुला भेटीतच सांगेन, पत्रात शिव्या शोभत नाहीत.

आता इंजिन. तू ओळखलंच असशील. खेकडा!

ते दोन लांब नाकांचं, मध्ये केबिन असलेलं, आडव्या दांड्यांनी चाकं फिरवणारं धूड मला पहिल्यापासून बांधायचं होतं. १९२८-२९ मध्ये आलेली ती विजेची इंजिनं, मूळ आराखडा स्विस. त्याच घराण्यातलं स्वित्झर्लंडचं 'क्रोकोडाइल' लेगोनं २०२० मध्ये संच म्हणून काढलं. तो संच मी घेतला नाही. एक तर त्याची किंमत, आणि दुसरं म्हणजे पुस्तिका बघून दुसऱ्याची मगर बांधण्यात मला रस नव्हता. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात आपला खेकडा उभा आहे. तिथे जाऊन टेप लावली, पहारेकऱ्याला चहा पाजला, फोटो काढले. मग संगणकावर लेगोच्याच फुकट मिळणाऱ्या 'स्टुडिओ' या प्रोग्रॅममध्ये एकेक वीट बसवली आणि सुटे भाग ब्रिकलिंक या सुट्या विटांच्या ऑनलाइन बाजारातून, कुठल्या कुठल्या देशांतून, पाकिटापाकिटांनी गोळा केले.

बांधताना कळलं की स्विस माणसानं ते इंजिन तीन भागांत का तोडलं असेल. दोन नाकं आपापल्या चाकांवर वळतात, केबिन मध्ये टेकलेली. एकसंध इंजिन माझ्या त्या आवळ वळणावर उभंच राहिलं नसतं, हे मात्र सापासारखं लचकत जातं. फक्त एक तडजोड: दर नाकाखाली तीन आस, आणि तिन्ही चाकांना कड ठेवली तर वळणावर मधलं चाक अडतं. म्हणून मधलं चाक बिनकडेचं. तशी चाकं लेगो स्वतःच बनवतं, २००९ च्या 'एमराल्ड नाइट' या वाफेच्या इंजिनाबरोबर ती आली. दांड्या फिरतात, रे. खालून बघितलं की आतली करकर ऐकू येते आणि पुढे ढकलणारी दांडी वर-खाली होताना दिसते. मी जमिनीवर आडवा पडून बघतो. आडवं पडणं सोपं आहे, उठताना वहिनी लागते.

एक गोष्ट तुला खटकेल ती आधीच लिहून टाकतो. रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं १९२९ च्या सुमारास, म्हणजे खेकडे येताहेत तोवर ते चाललं. दोघांचा एकत्र संसार असा झालाच नाही. माझ्या हॉलमध्ये मात्र दोघं सुखानं नांदतात. मालगाडीचे डबेही मी जुने चारचाकी घेतलेत, कारण ते आखूड असतात आणि वळणावर बाहेर झुकत नाहीत. आयसीएफचा, म्हणजे नेहमीचा लांब प्रवासी डबा या मापात सत्तेचाळीस सेंटिमीटरचा होतो, तो वळला की भिंतीचा रंग काढतो.

वीज कुठून, हे तू विचारशीलच. लेगोची पहिली विजेची गाडी १९६६ ची, साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर. मग १९६९ पासून रुळांच्या मधल्या दोन धातूच्या पट्ट्यांतून बारा व्होल्ट, १९९१ पासून धातूच्या रुळांतून नऊ व्होल्ट. त्या नऊ व्होल्टवाल्यांचा अजूनही एक पंथ आहे. इंजिनात बॅटरी नाही, गाडी हलकी, तासन् तास चालते. पण तो रूळ बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली आणि जुन्याचे भाव सोन्याच्या रांगेत जाऊन बसलेत. शिवाय रुळानं फिरून स्वतःलाच मिळायचं ठरवलं की शॉर्ट सर्किट. मी २०१८ नंतरच्या पद्धतीचा: इंजिनात सहा बारके सेल, ब्लूटूथ, हातात रिमोट. बॅटरीचं वजन चढावर उलट उपयोगी पडतं, चाक पकड घेतं.

तरी भरलेली गाडी चढेना. मोटर दमत नव्हती, तुटत होतं ते कपलिंग. लेगोचे डबे चुंबकांनी जोडलेले असतात. चढावर सगळ्या डब्यांचं ओझं पहिल्या चुंबकावर येतं आणि तो सुटतो. मग मागचे डबे घाट उतरून थेट स्वयंपाकघराच्या दारात. इथे मला तुझे आप्पा आठवले. आपण प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसून वडा खात असायचो आणि ते बँकर, म्हणजे ढकलायचं जादा इंजिन, घेऊन मागून यायचे, गाडीला हलकेच टेकायचे. "पुढचा ओढतो, मागचा ढकलतो, मधल्या साखळीला आराम," हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा पाठ होतं, पण कळलं नव्हतं. आता मालगाडीच्या मागे दुसरं मोटरवालं इंजिन आहे. दोन्ही एकाच रिमोटच्या एकाच रंगावर लावली की एकदम निघतात. गाडी चढते! फक्त मागचं जरा जास्त उत्साही असेल तर वळणावर मधले डबे बाहेर फेकले जातात, आणि आळशी असेल तर पुन्हा चुंबक सुटतो. आप्पा शिट्टीवरून हे कसं जुळवायचे, काही आठवतं का तुला? खरंच विचारतोय.

कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नातीला नेलं होतं. तिथली सफाई, ती गावं, ते दिवे माझ्या घाटाला येणार नाहीत. तरी मला हेच आवडतं. इथे अर्धं माप सहजी घेता येत नाही. आठ मिलिमीटरच्या पटीत बसत असेल तर बसतं, नाहीतर डोकं खाजवत बसा. पंचेचाळिसाच्या मापात डब्याची रुंदी नऊ स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) यायला हवी, पण विषम रुंदीला लेगोचे सम मापाचे भाग मधोमध सरळ बसत नाहीत, म्हणून मी आठावर आलो. जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत. काचेच्या कपाटात ठेवलेली, कधीच न चालणारी अचूक गाडी त्यांनाच लखलाभ.

खाली उतरण्याचं काम अजून बाकी आहे. घाटात मंकी हिल, ठाकूरवाडीला गाड्या ब्रेक तपासायला थांबतात आणि बेफाम सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग असतं, तसं एक मला सपाटीच्या खाली हवंय. चढतं सायडिंग, सांधा नेहमी त्याच्याच बाजूला. गाडी थांबली तरच मी सांधा फिरवणार. जागा फक्त चपलांच्या स्टँडखाली आहे. तू येशील तेव्हा दोघं मिळून आखू.

आणि यावंच लागेल, कारण एक काम तुझ्याशिवाय अडलंय. खेकड्याचा रंग. फोटो बहुतेक काळे-पांढरे, जतन केलेल्या इंजिनांना नंतर रंग दिलेले. आपण लहानपणी पाहिलेले कुठल्या रंगाचे होते? मला गडद तांबूस आठवतो, पण आठवणीवर मी पैसे लावणार नाही. आप्पांचा इंजिनाशेजारी उभा असलेला फोटो तुमच्या ट्रंकेत होता. त्याच्या मागे काही लिहिलंय का बघ, आणि तुझ्या आईला विचार. त्यांच्या रंगाच्या आठवणीवर मी सगळ्या विटा मागवीन. तोवर माझा खेकडा करड्या विटांचा, अंगावर कपडे नसल्यासारखा फिरतोय.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी या, वहिनींना आणि नातवाला घेऊन. त्याला बँकरसाठी वेगळा रिमोट देणार आहे, पुढचा नाही. पुढचा तुझा. आणि येताना ट्रिपल ए सेल आण, डझनभर तरी. साधे आण, चार्ज करायचे नकोत. त्यांचा व्होल्टेज कमी पडतो आणि गाडी अठराव्या रुळाच्या अलीकडेच धापा टाकते.

तुझा,
नंदू