ज्याने पेरले, त्यानेच काढावेत?

बट्टामबांग, कंबोडिया

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, तलावपाळीच्या कट्ट्यावर तुमच्या मित्रांनी विचारलं ना, ज्यांनी सुरुंग पेरले त्यांनीच का काढू नयेत? फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय.

इथे पेरणारे एक नव्हतेच. ख्मेर रूज म्हणजे इथले कम्युनिस्ट बंडखोर, व्हिएतनामी फौजा, सरकारी सैन्य, सगळ्यांनीच पेरले. 1980 च्या दशकात थायलंडच्या सीमेलगत ‘के-5’ नावाचा शेकडो किलोमीटरचा पट्टाच पेरला गेला. कितीतरी ठिकाणी नोंदच नाही. जाब विचारायचा कोणाला? माणसांवरच्या सुरुंगांना बंदी घालणाऱ्या 1997 च्या ओटावा कराराप्रमाणे ज्या देशाची जमीन, त्याने ती साफ करायची आणि ज्या देशांना शक्य आहे त्यांनी मदत करायची. मला हे पुरेसं वाटत नाही. पाय जातो शेतकऱ्याचा, आणि दारोदार पैसे मागायची पाळीही त्याच्याच देशावर.

आई, मी पाहणीचे नकाशे करते, सुरुंगाला हात लावत नाही. काढणारे वेगळे, त्यांत बायकाही पुष्कळ. मीटरभर रुंदीची पट्टी आखून डिटेक्टर फिरवायचा. तो वाजला की गुडघ्यांवर बसून तिरक्या सळईने माती चाचपायची. बहुतेकदा खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा निघतो, पण दर वेळी सुरुंगच आहे असं धरून खणावं लागतं. भर उन्हात, जाड जॅकेट घालून, दिवसभर. प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरताच असतो, आणि पुराच्या पाण्याने सुरुंग जागाही सोडतात. 1996 या एका वर्षात या देशात 4,000 हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. आता आकडा खूप खाली आलाय, तरी 2022 च्या जानेवारीत प्रेआह विहिआर प्रांतात काम करतानाच तिघं गेले.

बाबा, 2001-02 च्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर उभं होतं, तेव्हा तुमच्या पलटणीने राजस्थानात पेरले आणि तिनेच उपसले. नकाशे हाताशी होते, तरी वाळू सरकली आणि तुमचे सोबती गेले. म्हणून मला वाटतं, पेरणाऱ्याने नोंद ठेवणं आणि लढाई थांबताच ती समोरच्याच्या हवाली करणं, एवढं तरी प्रत्येकावर सक्तीचं हवंच. भारताने ओटावावर सही केलेली नाही. सीमेकडे पाहिलं की कारण कळतं, पण नोंदीचा हा नियम ज्यात आहे, त्या सुरुंगांवरच्या 1996 च्या दुसऱ्या करारात (सुधारित प्रोटोकॉल 2) भारतही आहे; मग तो सगळ्यांनीच पाळायला कसली अडचण?

तुम्ही तेव्हा खुणा कशा लावत होता, मोजमाप कुठून धरत होता, सांगता येईल तेवढं सविस्तर लिहून पाठवा. इथल्या नव्या मुलांना मला ते दाखवायचंय.

तुमची,
मनू