रविवारची बैठक: ऑक्ताव्हियो पाझ

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या दालनात मासिक बैठक होईल. विषय आहे मेक्सिकोचे कवी आणि भारतातील राजदूत ऑक्ताव्हियो पाझ.

१९५१ मध्ये ते बोटीने प्रथम मुंबईत उतरले, तेव्हा कनिष्ठ अधिकारी होते. १९६२ मध्ये राजदूत म्हणून दिल्लीत आले. २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिक दहा दिवसांवर असताना, मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सैन्याने गोळीबार केला. निषेध म्हणून पाझ यांनी राजदूतपद सोडले. पुढे त्यांनी केंब्रिज आणि हार्वर्ड विद्यापीठांत अध्यापन केले. १९९० मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. माझ्या मते चर्चेचा बहुतेक वेळ १९६८ च्या निर्णयालाच द्यायला हवा.

कृपया लक्षात घ्या:
- प्रत्येकाने पाझ यांची एक कविता वाचून यावी. अनुवाद चालेल, मराठी किंवा हिंदी असल्यास उत्तमच.
- बोलू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे नाव द्यावे. प्रत्येकी सात मिनिटे, त्याहून अधिक नाही.
- मोबाइल बंद ठेवावेत.

महाविद्यालयीन मुलामुलींना आवर्जून सोबत आणा, सभासदत्वाची अट नाही.

– चिटणीस