बाबा, कमरेत सुई घेण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल बोलता बोलता आई सहज म्हणाली, "यांची कंबर धरली होती, सुई घेतली, आता तिथे लिंबाएवढी गाठ आलीय." रात्रभर ती गाठ डोक्यातून गेली नाही. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय.

बाबा, ॲन्जिओप्लास्टीपासून तुम्ही रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज घेता. ही सुई खोल स्नायूत जाते. आतली बारीक रक्तवाहिनी दुखावली तर इतरांचं रक्त लगेच थांबतं, तुमचं झिरपत राहतं आणि साकळतं. पण म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ॲन्जिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळी होऊ शकते. सुईवाल्या डॉक्टरांना त्या गोळ्यांचं सांगितलं होतं का? आईने वाचून दाखवलेल्या चिठ्ठीवर डायक्लोफिनॅक हे दुखणं कमी करणारं औषध आहे. हृदयाच्या पेशंटला ते चालत नाही. सुईतून नाही आणि गोळीतूनही नाही. त्यातून रक्तस्राव वाढतो, किडनीवर ताण येतो. पुन्हा कंबर धरली तर आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन करा. "सुईशिवाय उतरत नाही" असं स्वतःहून म्हणू नका, मी हात जोडते.

मावशीचं आठवतं ना? सुई टोचताक्षणी कुल्ल्यापासून पावलापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली, आणि ती संकोचाने गप्प बसली. पायाकडे जाणारी मोठी नस दुखावली होती. मग पाऊल वर उचलेना. चप्पल निसटायची, चालताना अंगठा फरशीला घासायचा. कितीतरी महिने ती पायात पट्टा बांधून फिरली. कधी सुई घ्यावीच लागली तर ती कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला हवी, आणि कळ पायात उतरली की तिथल्या तिथे ओरडा. नंतर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच थांबा. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला तर डॉक्टर समोर हवेत.

आई, गाठ चोळू नकोस. निळ्याची हिरवी, मग पिवळी होत बसत गेली तर ती विरतेय. पण वाढत गेली, लाल, गरम होऊन ठणकायला लागली किंवा ताप आला, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. पायाला बधिरपणा आला तरीही.

आज संध्याकाळी गाठीशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो पाठव, उद्या त्याच वेळी दुसरा. मी रविवारी पहाटेच्या गाडीने येतेय.

तुमची,
ताई