मोरचुदातलं पाणी

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, तो मर्क इंडेक्स आता रद्दीत घाला, सगळं मोबाईलवर मिळतं." रसायनांची माहिती देणारा तो जाडजूड ग्रंथ! तुझ्या आईला तेवढंच हवं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचा पूर घरात शिरला तेव्हा तो खालच्या फळीवर होता. एकेक पान सोडवून पंख्याखाली वाळवलं, तरी कुबट वास जात नाही. माझी प्रत अकरावी आवृत्ती, १९८९ ची. मर्क या जर्मन औषध कंपनीने १८८९ मध्ये आपल्याकडच्या रसायनांची यादी म्हणून हे छापलं, त्याची शताब्दी. मुळात दुकानदाराची यादीच ती! पुढे फुगत फुगत दहा हजार नोंदींची झाली.

ठेवण्याचं कारण वेगळंच आहे. लोट्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नवीन लागलो होतो. कॉपर सल्फेटचं द्रावण करायचं होतं. रेणुभार १५९.६ तोंडपाठ, त्या हिशेबाने त्याचे निळे खडे, म्हणजे आपला मोरचूद, तोलले आणि मोकळा झालो. द्रावण हवं होतं त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त सौम्य निघालं. साहेब ओरडले नाहीत, मर्क इंडेक्समधली ही नोंद उघडून समोर ठेवली, बस. १५९.६ हा कोरड्या पदार्थाचा भार, आणि तो पांढरा असतो. निळ्या खड्यात पाण्याचे पाच रेणू, भार २४९.७. म्हणजे १०० ग्रॅम मोरचुदात ३६ ग्रॅम नुसतं पाणी. रंग डोळ्यांसमोर होता गं, मी मात्र बाटलीवरचं नावच वाचत बसलो.

दोघांचे कॅस क्रमांकही (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक) वेगळे: कोरड्याचा ७७५८-९८-७, निळ्याचा ७७५८-९९-८. शेवटचा आकडा पडताळ्याचा. तो सोडून उजवीकडून आकड्यांना १, २, ३ असं गुणत जा आणि बेरीज कर, बेरजेचा एकंचा अंक तोच येतो. कागदावर करून बघ, मजा वाटेल.

गुहागरच्या काकाची अशी चूक कधीच होत नाही. सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ते प्रमाण निळ्या खड्यांचंच ठरलेलं आहे.

आजीच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाच: अम्लोडिपिन बेसिलेट आय.पी., अम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. इतके. बेसिलेट म्हणजे औषधाला जोडलेला क्षाराचा भाग, तो धरून वजन ६.९३ मि.ग्रॅ. भरतं. माझ्याच जुन्या चुकीची बहीण. 'आय.पी.' म्हणजे भारतीय औषधकोश, पहिली आवृत्ती १९५५ ची. मर्क इंडेक्स पदार्थ कोण ते सांगतो. तो औषध म्हणून विकायला किती शुद्ध हवा, हे औषधकोश ठरवतो. तुला परीक्षेत हे दोन्ही एकच समजू नकोस.

मोबाईलवर बघ, माझी हरकत नाही, फक्त नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पुस्तक मी वरच्या फळीवर ठेवलंय.

गणपतीला येताना आजीच्या गोळ्या मुंबईहून आण. इथे दुसऱ्या कंपनीच्या मिळतात, औषध तेच. पण रंग वेगळा दिसला की ती हात लावत नाही.

तुझे,
बाबा