हरवलेली पुस्तके फळीवरच असतात

महोदय,

पुण्यातल्या वाचनालयांत ‘पुस्तक आहे, पण सापडत नाही’ हे उत्तर नेहमीचेच. बहुतेक वेळा ते चोरीला गेलेले नसते, दोन फळ्या खाली भलत्याच शेजाऱ्यांबरोबर बसलेले असते. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतःच कपाटातून पुस्तक काढतो, चाळतो आणि दिसेल त्या फटीत कोंबतो. कर्मचारी मोजके, देवघेव सांभाळून कपाटे लावायला त्यांना सवड कुठली?

हे काम स्वयंसेवक सहज करू शकतात. आठवड्यातून तासभर, प्रत्येकाकडे एकच ठरलेले कपाट. पाठीवरचे क्रमांक डावीकडून उजवीकडे वाचत जायचे, चुकलेले पुस्तक योग्य जागी ठेवायचे. गोम दशांशात आहे. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६ वर येते. त्यात ८९१.४६०९ हा क्रमांक ८९१.४६३ च्या आधी लागतो. आकडे जास्त म्हणून पुस्तक पुढे सरकवले, की ते गेलेच! फळीही गच्च भरू नये. पुस्तक ओढताना बांधणी वरच्या टोकाला फाटते.

निवृत्तांना आणि अभ्यासिकेतल्या मुलांनाही हे जमेल. (मुलांना तेवढाच स्पर्धा परीक्षेतून विसावा.) मात्र फुकटची माणसे मिळाली म्हणून ग्रंथपाल-सहायकांच्या जागा रिकाम्या ठेवायची पळवाट कोणी काढू नये. ज्यांना वेळ नाही, त्यांनी पुस्तक चाळून झाल्यावर टेबलावरच ठेवावे.

– एक सभासद, सदाशिव पेठ, पुणे