मंत्रिमहोदय, तुमचं संगीत दारातच अडकलंय

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सा. न.

पत्रास कारण की, परवा माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. झालं एकदाचं. पहिल्या खेपेला टेबलावर घेतल्यावर बीपी १९०च्या वर गेलं म्हणून घरी धाडलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. घरी मोजलं तर १३०! तिसऱ्या खेपेला गोळी देऊन, दोनदा मोजून, कसंबसं उरकलं.

गेल्या वर्षी तुम्ही भाषणात म्हणाला होतात, ज्येष्ठांच्या ऑपरेशनला यापुढे संगीताची साथ राहील. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या परत मिळतात का, तेवढं कळवावं. साथ आली, पण बाहेरच्या हॉलपर्यंत. भिंतीवर स्पीकर बसला, फीत कापून झाली, फोटो निघाला. आता त्यावरून नंबर पुकारतात.

तुमचे डोळे शाबूत आहेत म्हणून आत काय असतं ते सांगते. नुसते थेंब घालून डोळा बधिर करतात, माणूस टक्क जागा. तोंडावर कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक. आपलाच श्वास आपल्याच तोंडावर. वरून दिवा, त्यात रंग फिरतात, सावल्या हलतात. हलायचं नाही, खोकायचं नाही. मशीनचा सूर वर-खाली झाला की वाटतं, गेला आपला डोळा. त्या वीस मिनिटांत मी काय ऐकलं? दोघांचं रजेवरून भांडण. आणि मग, "अरे, भिंग कुठे ठेवलंस?" माझंच भिंग, साहेब!

हे म्हातारीचे चोचले नव्हेत. २००१ साली अमेरिकेत डोळ्यांच्या ४० रुग्णांवर अभ्यास झाला, सरासरी वय ७४. ज्यांच्या कानाला हेडफोन होता त्यांचं चढलेलं बीपी पाच मिनिटांत खाली आलं; बाकीच्यांचं चढलेलंच राहिलं. पॅरिसमध्ये तीनशेच्या वर रुग्ण घेतले. ऑपरेशनच्या आधी वीस मिनिटं संगीत ऐकलेल्यांत बीपी चढलं १४ टक्के जणांचं, न ऐकलेल्यांत ५३ टक्के जणांचं. (लेकीने मोठ्या अक्षरांत छापून दिलं, एका डोळ्याने वाचलं. एखादा आकडा इकडेतिकडे झाला असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करावा, तेवढं तरी काम होईल.) केन नावाच्या अमेरिकी सर्जनने १९१४ मध्ये ऑपरेशनच्या खोलीत ग्रामोफोन लावल्याचं लिहून ठेवलंय. शंभर वर्षं उलटली, तुमची फाइल अजून टेबलावरच आहे. तिचंही बीपी वाढलंय का?

मागणी केवढी, तर एक हेडफोन, रुग्णाच्या आवडीचं काहीतरी, आणि डॉक्टरांची सूचना ऐकू येईल इतका हळू आवाज. पण हेडफोनचं उद्घाटन करता येत नाही ना! ऑपरेशनं किती झाली ते तुम्ही मोजता, लक्ष्य पूर्ण झाल्याची जाहिरात देता. आमच्या भीतीला तुमच्या तक्त्यात रकानाच नाही. आयुष्यभर कर भरला, रांगा लावल्या, तुमच्याच माणसांना मतं दिली, आधीच्यांनाही दिली. सगळ्यांनी आम्हाला आकड्यातच धरलं. दोन फेऱ्या फुकट गेल्या त्याचा हिशेब कोणाकडे मागू? दोन्ही वेळा शेजारणीने कामावर खाडा केला. तिसऱ्यांदा विचारताना माझीच जीभ रेटेना.

उजव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. हेडफोन मी घरूनच आणीन. दारावरच्या माणसाला तेवढा तो आत नेऊ द्यायला सांगा.

आपली,
सध्या एका डोळ्याने पाहणारी एक निवृत्त शिक्षिका