पाव उंची म्हणजे पाव टाकी नव्हे

संपादक महोदय,

आडव्या टाकीतले डिझेल मोजण्याबद्दल आपल्या पुरवणीतील लेखात 'काठी जितकी भिजेल त्या प्रमाणात साठा धरावा' असा सल्ला आहे. उभ्या टाकीला तो चालतो, आडव्या टाकीला मुळीच नाही. मी नोकरीभर भांडारपाल म्हणून साठ्याची नोंदवही लिहिली आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

२ मीटर व्यासाची, ५ मीटर लांब, सपाट टोकांची टाकी घ्या. पूर्ण भरली की १५,७०८ लिटर. काठी ५० सेंटिमीटर भिजली तर लेखाच्या हिशेबाने पाव टाकी, म्हणजे ३,९२७ लिटर. प्रत्यक्षात असतात ३,०७१. ही ८५६ लिटरची तूट निव्वळ कागदावरची, पण चोरीचा संशय येतो तो टाकी सांभाळणाऱ्या माणसावर. दीड मीटरला हाच हिशेब तितकेच लिटर कमी दाखवतो. जुळतो तो फक्त निम्म्यावर. टाकी तळाशी अरुंद आणि मध्यावर रुंद असते, म्हणून असे होते: तळाच्या पहिल्या सेंटिमीटरमध्ये जेमतेम साडेनऊ लिटर मावतात, मध्यावरच्या एका सेंटिमीटरमध्ये शंभर.

खरी रीत शाळेतल्या वृत्तखंडाची आहे. त्रिज्येतून द्रवाची उंची वजा करा, त्रिज्येने भागा आणि कोसाइन इन्व्हर्स घ्या. तो कोन त्रिज्येच्या वर्गाने गुणा. द्रवाची उंची आणि वरची रिकामी उंची यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढा, त्याला त्रिज्येतून द्रवाची उंची वजा करून आलेल्या आकड्याने (निम्म्याच्या वर तो ऋण येतो, ते चिन्ह तसेच ठेवा) गुणून आधीच्या उत्तरातून वजा करा. उरले ते क्षेत्रफळ. ते गुणिले लांबी. मापे मीटरमध्ये असतील तर घनमीटर मिळतात, हजाराने गुणले की लिटर. कॅल्क्युलेटर मात्र रेडियनवर हवा. अंशांवर राहिला तर वरच्याच टाकीत सुमारे २ लाख ९८ हजार लिटर निघतात!

टोके फुगीर असतील तर त्यांचे घनफळ वेगळे धरावे लागते. टाकीचा उतारही पाहावा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ५ सेंटिमीटर उतार असेल आणि काठी खालच्या टोकाला घातली, तर निम्म्या टाकीत सुमारे २५० लिटर जास्त दिसतात. शक्य तिथे काठी लांबीच्या मध्यावरच घालावी.

लेखासोबत समान अंतराच्या खुणांची काठी छापली आहे. कोणी ती पाहून तशाच खुणा करण्याआधी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त भांडारपाल